पहिला बर्फ आणि आपण आरंभशूर

(खोडद येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

खोडदला बोलायला उभं राहिलं की आधी आवाज खाली आणावासा वाटतो. इथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या अँटेना आकाशातलं इतकं बारीक काही ऐकत असतात, की आपल्या खिशातला मोबाइलसुद्धा त्यांच्या दृष्टीने गोंगाट. तेव्हा मोबाइल बंद करा असं मी सांगणार नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

विषयाचं नाव ऐकून काही जणांनी मला दारातच विचारलं, "सर, बर्फावरचं स्कीइंग आणि आपल्या जुन्नर तालुक्याचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. पण आज सकाळी नारायणगावहून येताना रस्त्याच्या कडेने पळणारी पंधरा-वीस मुलं आणि चार-पाच मुली दिसल्या. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात नुसते कॅनव्हासचे, एक तर अनवाणी. भरतीची तयारी. त्या मुलांसाठीच मी हा बर्फाचा विषय घेतला आहे. थोडा लांबचा वळसा पडेल, पण परत इथेच येऊ.

माझी मुलगी नॉर्वेत असते. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा ती आम्हाला बाइटोस्टोलेन नावाच्या डोंगरातल्या गावी घेऊन गेली. समुद्रसपाटीपासून साधारण नऊशे मीटर उंच. आपलं महाबळेश्वर तेराशेच्या पुढे आहे, म्हणजे उंची काही फार नाही. पण उत्तरेकडे असल्याने तिथे बर्फ लवकर पडतो. तिथल्या स्कीपटूंच्या राष्ट्रीय हंगामाची सुरुवात दरवर्षी या गावातल्या शर्यतींनी होते. त्याच्या आधीचे दिवस सरावाचे.

हे स्कीइंग म्हणजे सिनेमात दिसतं तसं डोंगरावरून खाली सुसाट घसरणं नव्हे. याला क्रॉस-कंट्री म्हणतात. पट्ट्या अरुंद, हलक्या. बुटाचा पुढचा भाग पट्टीला अडकवलेला, टाच मोकळी. हातात दोन काठ्या. सपाटीवर, चढावर, उतारावर, सगळीकडे स्वतःच्या ताकदीने जायचं. एका पद्धतीत बर्फात पाडलेल्या दोन समांतर चरांतून पाय सरळ पुढे सरकवतात, दुसऱ्या पद्धतीत पाय तिरके ढकलत जातात. हात, पाठ, पोट, पाय एकाच वेळी कामाला लागतात, म्हणून दमसासाच्या खेळांत हा सगळ्यांत कठीण खेळांपैकी एक मानतात.

मी बाकावर कॉफी घेऊन बसलो होतो. मोठमोठे नामांकित खेळाडू समोरून जात होते, मुलगी नावं सांगत होती. आणि मला गंमत वाटली, की ते सगळे सावकाश चालले होते. गप्पा मारत! शाळेतली बारा-तेरा वर्षांची पोरं त्यांना मागे टाकून पुढे जात होती आणि मागे वळून बघत होती, आपल्याला कुणी पाहिलं की नाही म्हणून. सात-आठ महिने ज्या बर्फाची वाट पाहिली, तो पडलाय, आणि हे लोक रमतगमत चाललेत. मी मुलीला म्हटलं, "हे आजारी आहेत का?" ती म्हणाली, "बाबा, हा त्यांचा सरावच आहे."

मारित ब्योर्गेन हे नाव लिहून ठेवा. हिवाळी ऑलिंपिकची पंधरा पदकं, त्यांत आठ सुवर्ण. 2002 ते 2018 अशी तिची कारकीर्द. तिने वर्षानुवर्षं सरावाची वही ठेवली होती आणि संशोधकांनी ती अभ्यासून 2017 साली निष्कर्ष छापले. ऐन भरातल्या वर्षांत ती वर्षाला सुमारे 940 तास सराव करायची, म्हणजे सुट्टीचे दिवस धरूनही रोजचे अडीच तास. पण दमसासाच्या त्या सरावातला 92 टक्के वेळ हलक्या गतीचा होता. जोराचा, धाप लावणारा सराव जेमतेम पाच टक्के. उरलेला मधला.

दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. विसाव्या वर्षी ती वर्षाला 522 तास सराव करत होती. 940 पर्यंत पोचायला पंधरा वर्षं गेली. भागाकार करा: सरासरी दर वर्षी आठवड्याला अर्ध्या तासाची वाढ. अर्धा तास! आणि आपल्याकडे जाहिरात निघाली की मुलगा सोमवारी दोन किलोमीटर पळतो आणि शनिवारी दहा.

मराठीत या माणसासाठी एक शब्द आहे, आरंभशूर. पण हा आरंभशूरपणा नुसता स्वभावाचा दोष नाही, त्याच्यामागे शरीराची एक फसवणूक आहे. आजच्या व्याख्यानाचा गाभा तिथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पळायला सुरुवात केली की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातल्या पाण्याचा भाग वाढतो. हृदयाच्या एका ठोक्यात जास्त रक्त पुढे जायला लागतं. तिसऱ्या आठवड्यात माणूस स्वतःवर खूश असतो. धाप कमी, छाती मोकळी, झोप चांगली. "जमतंय की!" असं वाटतं. आणि हे खोटं नसतं, श्वासाच्या बाबतीत खरंच जमलेलं असतं.

स्नायूंच्या आत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट व्हायला आणि पेशींतल्या ऊर्जेच्या भट्ट्या वाढायला मात्र कित्येक आठवडे, महिने लागतात. स्नायू हाडाला बांधणारे कंडरे आणखी संथ. आणि सगळ्यांत विचित्र गोष्ट हाडाची. हाडावर नवा भार पडला की शरीर ते मजबूत करायला घेतं, पण कसं? आधी जुनं हाड खाणाऱ्या पेशी येऊन थोडा भाग पोखरतात, ते काम काही आठवड्यांचं. मग नवं हाड बांधणाऱ्या पेशी येतात, त्यांना तीन-एक महिने लागतात. जुन्या वाड्याची भिंत दुरुस्त करायची तर आधी उतरवावी लागते ना, तसं. भिंत उतरवली आहे, नवी उभी राहायची आहे, अशा मधल्या काळात वर माळवदावर पन्नास माणसं नाचवली तर?

म्हणजे बघा, तिसऱ्या ते पाचव्या-सहाव्या आठवड्यात छाती म्हणते "वाढव", आणि नेमकं त्याच वेळी नडगीचं हाड सगळ्यांत कच्चं असतं. छातीचा आवाज मोठा आहे, हाडाचा बारीक. बारीक आवाज ऐकायला इथे तीस अँटेना उभ्या केल्या आहेत. स्वतःच्या नडगीसाठी मात्र आपल्याकडे काहीच नाही.

हे आजचं ज्ञान नाही. 1855 साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने सैनिकांची ही तक्रार नोंदवली होती. लांब कवायती झाल्या की पायाचा चवडा सुजायचा, दुखायचा. तेव्हा क्ष-किरण नव्हते, ते 1895 मध्ये सापडले. मग कळलं की हाडाला बारीक चीर पडते. आजही जगभरच्या लष्करांत नव्या जवानांच्या पहिल्या काही आठवड्यांत हीच तक्रार असते.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आवडत नाही.

आमच्या भावकीतला एक मुलगा होता. नाव सांगत नाही, तो आज इथे नाही, पण त्याला ओळखणारे असतील. वडील लवकर गेलेले, दोन एकर जमीन, आई रोजंदारीवर. पोलीस भरतीची जाहिरात येणार म्हणून एका अकादमीत दाखल झाला. दिवाळीत मी गावी आलो तेव्हा भेटला. "नाना, पहाटे आठ आणि संध्याकाळी सहा किलोमीटर पळतो. चौथा आठवडा आहे." मी आयुष्यभर मुलांना निश्चय, इच्छाशक्ती, कर्तव्य शिकवत आलेला माणूस. मी त्याची पाठ थोपटली. वर म्हणालो, "दुखलं तरी थांबू नकोस." हे माझे शब्द आहेत. तो तेव्हाच पाय किंचित ओढत होता, ते मी पाहिलं होतं.

तीन आठवड्यांनी नडगीला चीर. दोन महिने पाय खाली टेकवायचा नाही. त्या वर्षीची मैदानी चाचणी गेली. पुढची भरती निघेपर्यंत वयाची अट ओलांडून गेला. आता तो टोमॅटोची पिकअप चालवतो, नारायणगाव मार्केटला. भेटला की आजही "नाना" म्हणून वाकून नमस्कार करतो, आणि मला तो नमस्कार घेववत नाही.

अकादमीला मी दोष देत बसत नाही. मला प्रश्न पडला तो माझ्या विषयाचा. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला अभ्यास या शब्दाचा अर्थ कळला नव्हता. पतंजलींनी अभ्यासाची लक्षणं सांगितली, त्यांत दीर्घ काळ आणि खंड न पडणं ही दोन आहेत, तिसरं आहे आदराने करणं. जोर लावणं त्यांत कुठेच नाही. तिकडे अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं असं, की वीणा वाजवून वाजवून माणूस वादक होतो. पण वाईट वाजवून वाजवून वाईट वादकही होतो. म्हणजे नुसत्या पुनरावृत्तीला किंमत नाही, कशाची पुनरावृत्ती करतोय याला आहे. हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं आणि दिवाळीत अंगणात उभा राहून विसरलो.

आता तुमच्या शेतातलं उदाहरण घेऊ, कारण इथले द्राक्षबागायतदार हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. आपण वर्षात दोन छाटण्या घेतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी. बाहेरच्या माणसाला वाटतं, फळ ऑक्टोबरच्या छाटणीतून येतं. तुम्हाला माहीत आहे की घड किती लागणार हे उन्हाळ्यातच ठरलेलं असतं. खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत डोळ्याच्या आत सूक्ष्म घडनिर्मिती होते. बाहेरून काही दिसत नाही! बाग नुसती हिरवी. त्या वेळी ज्याने नत्र आणि पाणी जास्त देऊन वेल माजवली, त्याची बाग रस्त्यावरून सगळ्यांत सुंदर दिसते. लोक गाडी थांबवून बघतात. आणि ऑक्टोबरला छाटल्यावर कळतं, घडच नाहीत. म्हणून जाणता माणूस शेंडा मारतो, पाणी धरून देतो, काडी पिकू देतो.

स्कीपटूंचा नोव्हेंबर हा तुमचा मे महिना आहे. शर्यती फेब्रुवारीत, द्राक्षंही फेब्रुवारीत. योगायोगच, पण लक्षात ठेवायला बरा.

पुढची गोष्ट उंचीची. भारतात हा खेळ प्रामुख्याने काश्मीरात गुलमर्गला आणि उत्तराखंडात औलीला चालतो. गुलमर्ग 2650 मीटरवर आहे. तिथे हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण इथल्याइतकंच असतं, एकवीस टक्के. पण हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा पावभराहून कमी, म्हणून एका श्वासात ऑक्सिजन तेवढा कमी जातो. पहिले काही दिवस बसल्या जागी नाडी जलद चालते, झोप तुटते. अशा वेळी पहिल्या दिवसापासून जोर करणारा आठवड्याभरात आडवा होतो. गुलमर्गला लष्कराची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, तिथे जवानांना स्कीइंग शिकवतात. 2018 च्या प्याँगचँग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे क्रॉस-कंट्रीला उतरलेले जगदीश सिंह हे लष्करातलेच.

आपल्या खेळाडूंची अडचण मात्र वेगळी आहे. बर्फच वेळेवर येत नाही. 2025 साली गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत व्हायच्या होत्या, बर्फ नाही म्हणून मार्चवर गेल्या. हंगाम आखडला की सगळं दाटीवाटीने उरकायचा मोह होतो. भरतीच्या मुलांसारखीच गत.

युरोपातही हिवाळे उबदार होत चाललेत, पण त्यांनी काय युक्ती केली बघा. स्वित्झर्लंडमध्ये डाव्होस आहे. तिथे हिवाळ्यात बर्फाचा मोठा ढीग करतात आणि त्यावर लाकडाच्या भुशाचा जाड थर घालून तो उन्हाळाभर राखतात. ऑक्टोबरच्या अखेरीस भुसा बाजूला करून चार किलोमीटरची पट्टी तयार होते. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. आमच्या लहानपणी यात्रेत बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळूनच यायची! तीच विद्या, फक्त त्यांचा ढीग मोठा. आणि जिथे बर्फ नसेल तिथे उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर चाकांच्या पट्ट्या बांधून सराव करतात. म्हणजे नोव्हेंबरात ते शून्यातून सुरुवात करत नाहीत. सगळा उन्हाळा पायाखाली असतो आणि तरीही पहिला बर्फ ते सावकाश घेतात. आपण शून्यातून सुरुवात करतो आणि पहिल्याच दिवशी सुसाट.

कुणी म्हणेल, हे श्रीमंत देशांचे लाड आहेत, आमच्या पोराला पंधरा वर्षं कुठून आणायची? बरोबर आहे. म्हणून आपल्यातला माणूस घेऊ. अविनाश साबळे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. आईवडील वीटभट्टीवर काम करणारे. बारावीनंतर 5 महार बटालियनमध्ये भरती झाला, सियाचिनला राहून आला. पळण्याच्या स्पर्धेकडे वळला तो 2015 मध्ये, लष्कराच्या क्रॉस-कंट्रीतून. 2024 च्या जुलैत पॅरिसला त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेस 8 मिनिटे 09.91 सेकंदांत पूर्ण केली, राष्ट्रीय विक्रम. 2015 ते 2024, नऊ वर्षं. बातमीत आपण शेवटचे शतांश सेकंद वाचतो, ही नऊ वर्षं कुणी वाचत नाही. आणि शाळेसाठी लहानपणी मैलोगणिक चाललेली वाट त्याच्याही आधीची. ती पायपीट गरिबीची होती, तिचं कौतुक मी करणार नाही, पण हाडांनी ती मोजलेली असणार.

मग हलकी गती ओळखायची कशी? घड्याळ लागत नाही. पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर पाढे म्हणा. सतराचा पाढा न थांबता म्हणता आला तर गती बरोबर. "सतरा चोक..." म्हणून धाप लागली तर कमी करा. पाढेच येत नसतील तर तो दोष पळण्याचा नाही, हेही सांगून ठेवतो.

मुलींसाठी एक गोष्ट, आणि इथे बसलेल्या आयांसाठी. सगळ्यांसमोर बोलायला संकोच वाटतो, पण मी आता आजोबा आहे. सराव वाढला, खाणं तेवढंच राहिलं किंवा वजन कमी करायचं म्हणून कमी केलं, की काही मुलींची पाळी लांबते, बंद होते. "बरंच झालं, कटकट गेली" असं म्हणू नका. शरीर काटकसर करतंय याची ती खूण आहे, आणि त्या काटकसरीत हाडही कच्चं राहतं. डॉक्टरांना दाखवा. आणि पळणाऱ्या मुलीच्या ताटात मुलाइतकीच भाकरी, तेवढंच दूध, तेवढंच अंडं पडू द्या.

थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न (एक तरुण): सर, मी तीन आठवड्यांपूर्वी सुरू केलंय, रोज दोन वेळा पळतो. मैदानी चाचणीला अंदाजे दोन महिने आहेत. 1600 मीटर मारायचेत. सावकाश पळून वेळ कसा निघेल?

उत्तर: बाळा, नुसतं सावकाश पळून नाही निघणार. ब्योर्गेनचे ते पाच टक्के विसरू नकोस, ते लागतातच. पण दोन वेळा पळणं आजपासून बंद कर. आठवड्यात चार दिवस पळ, त्यांतले तीन पाढे म्हणता येतील असे. एक दिवस जोराचा: चारशे मीटरच्या चार फेऱ्या, मध्ये पूर्ण दम येईपर्यंत चाल. पुढे एखादी फेरी वाढव. गोळाफेक आणि शंभर मीटर आहेतच, पन्नास गुण सगळे 1600 मध्ये नाहीत. डांबरावर पळू नकोस, मातीचं मैदान धर. आणि आत्ता नडगीवरून बोट फिरव. सगळीकडे थोडं थोडं दुखतंय की एकाच ठिपक्यावर कळ येते?

तरुण: एका जागी येते, सर. डाव्या पायाला.

उत्तर: मग मी आत्ता जे सांगितलं ते सगळं बाजूला ठेव. उद्यापासून पळणं बंद, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही तर आनंदाने परत येऊ नकोस. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे बऱ्याचदा एक्स-रेत दिसतच नाही. डॉक्टरांना कळीची जागा बोटाने दाखव आणि किती पळत होतास ते खरं सांग. पोहायला येतं? डॉक्टर हो म्हणाले तर विहिरीत पोह, त्याने दम टिकतो. आता लक्ष दिलंस तर या भरतीची आशा आहे. व्याख्यान संपल्यावर मला भेट, मी तुझ्याबरोबर येतो.

प्रश्न (एक महिला): सर, आमची मुलगी पहाटे साडेचारला उठून पळायला जाते. अंधार असतो. उसाच्या कडेचा रस्ता आहे. बिबट्याची भीती वाटते.

उत्तर: भीती वाटायलाच हवी, ताई. या तालुक्यात ती बरोबरच आहे. पहाटे साडेचारला पळाल्याने जास्त दम येतो असं कोणत्याही शास्त्रात नाही. उजाडल्यावर, चार-पाच जणींनी मिळून, उसापासून लांब, शाळेच्या मैदानावर पळू द्या. एवढंच की उजाडल्यावर मैदान मुलींना मोकळं मिळायला पाहिजे, आणि त्या वेळी तिथे क्रिकेट असतं असं मघाशी मला कुणीतरी सांगितलं. ग्रामपंचायतीची मंडळी पहिल्या रांगेत बसली आहेत, त्यांनाच विचारू या.